खिडकीच्या अंगावरचे सात रंग

अहो, इकडे, इकडे! दाराकडे काय बघताय? ते कधी बोलत नाही, नुसतं आपटतं. बोलतेय ती मी, त्याच्या शेजारची खिडकी. दोन झडपा, चार काचा, एक खिट्टी आणि खाली वीतभर रुंद फळी, एवढा माझा संसार. वय विचारू नका. या घरात माझ्याहून म्हातारा फक्त पाया आहे, आणि त्याला कुणी बघितलेलं नाही.

सुतारानं मला घडवलं तेव्हा मी लाकडाच्या वासाची साधी पोर होते. मग अंगावर पहिला रंग चढला, पांढरा. तो लावून रंगारी चार पावलं मागे गेला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "वा! काय चकाकतोय! वीस वर्षं हलायचा नाही."

त्या एका 'वा'नं मी बिघडले. तेव्हापासून मला रंगाचं वेडच लागलं. पुढे गाणं शिकवणाऱ्या दोघी बहिणी राहायला आल्या, त्यांनी मला पिवळं केलं. नंतरच्या घड्याळवाल्यानं हिरवं केलं, बायकोशी भांडण झालं म्हणून निळं, आणि समेट झाला म्हणून पुन्हा हिरवं. मग कुणी तपकिरी, कुणी घाईघाईत पांढुरकं. सात थर! जुना रंग कुणी काढलाच नाही, एकावर एक चढवत गेले. मी इतकी जाड झाले की मिटताना चौकटीला घासायची, आणि दर वेळी पिठासारखी बारीक भुकटी फळीवर सांडायची. मला वाटायचं, बाई, या वयातही आपण पावडर लावतो!

दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब आलं. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, बाबा शहरातली बस चालवतो. थोरली मुलगी पाच वर्षांची. तिला सगळे प्रश्नाबाई म्हणतात, का ते पुढे कळेलच. धाकटा सव्वा वर्षाचा, नुकते दात आलेले आणि ते सगळीकडे वापरून बघणारा. म्हणून त्याचं नाव उंदरू.

आईचं दुकान दुपारचं, त्यामुळे सकाळी अकराला ती उंदरूला माझ्यापाशी स्टुलावर उभं करायची. बरोब्बर त्या वेळी बाबाची बस कोपऱ्यावरून वळायची आणि 'पों पोंऽ पों' करायची. मग काय! उंदरू दोन्ही हातांनी माझी फळी धरून नाचायचा, किंचाळायचा, आणि आनंद मावेनासा झाला की खाली वाकून फळीचा कडकडून मुका घ्यायचा.

निदान मला तरी तो मुका वाटायचा. इतक्या वर्षांत माझा मुका कुणी घेतला होता? मी दहा वाजल्यापासून वाट बघायची.

पुढे उंदरूचा चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला. जेवायला नको, खेळायला नको, पोट धरून किरकिर. दातांमुळे असेल, म्हणाले सगळे. आईला काही ते पटेना. ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली, रक्त तपासायला दिलं, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आई माझ्याजवळच उभी होती.

"मुलाच्या रक्तात शिसं निघालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"शिसं? किती असायला हवं?"

"अजिबात नको. दवाखान्यात ठेवण्याइतका आकडा नाही, पण सोडून द्यायचाही नाही. लहान मुलांच्या मेंदूला ते नडतं आणि वरून काही दिसत नाही. कुठून येतंय ते शोधा आणि आधी ते बंद करा. घर जुनं आहे का? रंगाचे पोपडे निघालेत? तो काही चावतो का?"

"काय चावत नाही ते विचारा," आई म्हणाली. मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

तिनं पिशवीतून दुकानातलं भिंग काढलं आणि फळीच्या कडेवर धरलं. तिथे इवल्या इवल्या दातांच्या खुणा होत्या. पांढुरक्याखाली तपकिरी, तपकिरीखाली हिरवा, पार तळापर्यंत कुरतडलेलं. आई खाली जमिनीवरच बसली.

"मीच त्याला इथे उभं करत होते रे," संध्याकाळी तिनं बाबाला सांगितलं.

"आणि मी हॉर्न वाजवत होतो," बाबा म्हणाला.

माझं काय झालं म्हणून सांगू! ज्याची वाट बघत मी सकाळ काढायची त्या पोराला मीच रोज थोडं थोडं विष चारत होते. लाजेनं काळी पडले असते, पण माझ्या हातात तेवढाही रंग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा हजर! आईचा धाकटा भाऊ. हातात सँडपेपर, बाह्या वर. "ताई, काळजी सोड. अर्ध्या तासात घासून गुळगुळीत करतो." आई स्वयंपाकघरातून "अरे थांब!" म्हणेपर्यंत त्यानं खस्‌ खस्‌ दोन हात मारलेसुद्धा. भुकटीचा ढगच उठला.

"हात खाली!"

आवाज असा होता की मामाच काय, मीही दचकले. दारात बाबानं बोलावलेली रंगारीणबाई उभी होती. ठेंगणी, रुंद, कानामागे ब्रश. "कोरडं घासताय? ही धूळ घरभर पसरली तर कपाळाला हात लावायची वेळ येईल. मुलं बाहेर न्या. पंखा बंद. आणि तुम्ही, जागचे हलू नका."

मामा एका पायावर होता. तो तसाच एका पायावर राहिला. बाईंनी ओल्या फडक्यानं भुकटी टिपेपर्यंत त्याचा पार बगळा झाला होता. मग त्याला थेट न्हाणीघरात पिटाळलं आणि कपडे वेगळे धुवायला लावले. तो बाबाची पँट घालून बाहेर आला तेव्हा पँट त्याच्या घोट्यांच्या फार वर संपत होती, आणि त्या घरात कालच्या फोननंतर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. आईच हसली. डोळे पुसत हसली.

बाईंनी औषधाचा एक बोळा माझ्या उघड्या कडेवर घासला. तो लालभडक झाला.

"आहे शिसं. पूर्वी रंग चकाकावा, टिकावा म्हणून घालायचे."

दाराबाहेरून प्रश्नाबाईनं मान आत घातली. "मग माझ्या शिसपेन्सिलीत पण विष आहे?"

"नाही गं राणी. ती बिचारी नावालाच शिसपेन्सिल."

"मग तिला खोटं नाव का दिलं?"

"ते तुझ्या मामाला विचार. त्याला आता भरपूर वेळ आहे."

आई म्हणाली, "मला ही खिडकीच नको. काढा आणि फेकून द्या." माझ्या बिजागऱ्याच ढिल्या झाल्या. पण बाईंनी बोटानं मला टकटक केलं, कान लावला. "लाकूड अस्सल आहे हो. खोट हिच्यात नाही, हिला घातलेल्या कपड्यांत आहे. ते उतरवू या."

मुलं आईबरोबर आठवडाभर आत्याकडे राहायला गेली. बाईंनी जमिनीवर प्लास्टिक पसरलं, नाकातोंडाला मास्क लावला, मला पाणी मारून ओलं केलं आणि चौकटीसकट उचकटलं. माझ्या जागी फळ्या ठोकल्या. खोलीच्या भिंती, फरशी, कोपरे, सगळं ओल्या फडक्यांनी पुन्हा पुन्हा पुसून घेतलं. मी मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेंपोत!

जन्म सगळा बाहेर बघण्यात गेला, पण बाहेर अशी मी कधी गेलेच नव्हते! वळणावर टेंपो कलला की मी "अगं आई गं" म्हणायची आणि दुसऱ्या वळणाची वाट बघायची.

बाईंच्या कारखान्यात त्यांनी माझ्यावर रंग सुटा करणारा लेप थापला आणि रंग ओलाच खरवडायला घेतला. इतक्या गुदगुल्या! पांढुरका गेला, तपकिरी गेला, हिरवा-निळा-हिरवा गेला, गाण्याचा पिवळा गेला. सालपटं सगळी पिशवीत बंद. पहिला पांढरा तेवढा चिवट निघाला. "चकाकणारा हाच तो चोर," बाई म्हणाल्या. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. अंग इतकं हलकं झालं होतं की घरी परत बसवल्यावर झडपा एका बोटानं उघडायला लागल्या.

त्यानंतर तीन महिने मी नुसत्या प्रायमरच्या अस्तरावर काढले, कारण पुढचा रंग कोणता यावर घरात एकमत होईना. तेवढ्या काळात उंदरूला वेळेवर जेवण, दूध, अंडी, पालेभाजी, आणि तोंडात काही जाण्याआधी हात धुणं. थोरलीचं रक्त चांगलं निघालं. आणि गेल्या सोमवारी पुन्हा फोन.

"निम्म्यावर आलाय आकडा!" आई ओरडली. डॉक्टरीणबाई पलीकडून सांगत होत्या की अजून तपासत राहायचं, ढिलाई नको. आई "हो, हो" म्हणत होती आणि हातातल्या पोछ्याबरोबर गोल गोल नाचत होती.

आज रंगाचा डबा आलाय. त्यात शिसं नाही ना, म्हणून आईनं डब्यावरची बारीक अक्षरं तीनदा वाचली. रंग नारिंगी ठरला, कारण उंदरूनं बोट तिकडे दाखवलं आणि बाकीचे भांडून दमले होते.

तुमचंही घर जुनं असेल तर एक ऐका. पोपडे दिसले की खरवडायला धावू नका. लेकरांना लांब घ्या, धूळ ओल्या फडक्यानं टिपा, जाणत्या माणसाला बोलवा आणि पोरांचं रक्त तपासून घ्या. आणि खिडकीवर फार रागावू नका. तिला बिचारीला कुणी सांगितलेलं नसतं.

आला, आला ब्रश! अहाहा, काय गार लागतोय! अहो बाई, तिथे नको, तिथे नको, हीहीही... चला, निरोप घेते. उद्या या, दोन्ही झडपा उघडून तुमच्याशी बोलेन. आज मात्र मला कुणी हात लावायचा नाही. मी ओली आहे!