ऐंशी दिवस

आयरिनीचा फोन आला तेव्हा फिब्रोनिया कैरोत धर्मशास्त्र विद्यालयाच्या वाचनालयात बसली होती. शेवटच्या वर्षाचा तिचा प्रबंध पुरा होत आला होता. विषय होता, देवाची कृपा संस्कारांनी बांधलेली असते का.

"पोरीला धाप लागते गं," गावाकडून, मल्लावीहून, मोठी बहीण सांगत होती. "डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात कैरोला हलवा. त्याआधी बाप्तिस्मा उरकून घेऊ का? आज सत्तरावा दिवस."

मुलगा असता तर चाळिसाव्या दिवशीच झाला असता. मुलीसाठी ऐंशी दिवस थांबायचे, अशी कॉप्टिक चर्चची रीत. जिवाला धोका असेल तर अबूना, म्हणजे चर्चचे पाद्री, केव्हाही बाप्तिस्मा देतात, हे फिब्रोनियाला ठाऊक होते. पण समोर तिचे स्वतःचे पान उघडे होते आणि त्यावरचा युक्तिवाद नुकताच नीट जुळला होता.

"देवाची कृपा काय बाप्तिस्म्यावाचून अडून बसलीय?" ती म्हणाली. "घाबरून घाई करू नकोस. ऐंशीव्या दिवशी थाटात करू. मीही येईन."

"तू शिकलेली आहेस. म्हणतेस तर थांबते."

त्र्याहत्तराव्या दिवशी पोर गेली.

तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला फिब्रोनिया मल्लावीला पोचली. अबूना धूप फिरवून, दोन शब्द बोलून निघून गेले होते. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. बिनसाखरेच्या कॉफीचे पेले हातोहात फिरत होते. आयरिनीच्या सासूबाई दाराजवळच होत्या; तिच्या नवऱ्याची, वगदीची आई म्हणून सगळे त्यांना उम्म वगदी म्हणत.

"या, देवाच्या डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा, आमची पोर कुठंय? अबूनांना विचारलं तर म्हणतात, देव दयाळू आहे. आहेच की! पण पोर कुठंय?"

फिब्रोनियाला उत्तर येत होते. तीन पायऱ्यांचे, तळटीपांसकट. तिने हातात आलेला कॉफीचा पेला तसाच पुढे दिला.

"तिला काय विचारता?" एक शेजारीण म्हणाली. "आईनं वेळेवर बोलवायला नको का अबूनांना?"

"बोलवतेय कसली! झोपेतून उठली तर ना," उम्म वगदी म्हणाल्या.

आयरिनी आतल्या खोलीत होती. धुतलेली लंगोटं तिने मांडीवर घेतली होती आणि एकेक घडी घालत होती. कुणासाठी, असे विचारायचे धाडस फिब्रोनियाला झाले नाही. ती शेजारी बसली आणि एक लंगोट उचलून घडी घालू लागली.

"अशी नाही. कोपरे जुळव," आयरिनी म्हणाली. मग पुढचे लंगोट उचलत, "तू सांगितलंस ते तुला ठाऊक होतं, की वाटत होतं?"

"मी सिद्ध केलं होतं. अजूनही त्यात चूक सापडत नाही. गाडीत पुन्हा वाचलं."

"चूक असेल असं मी म्हटलं का?" आयरिनीचे हात थांबले. "एवढंच सांग. तुझी पोर असती, तिला अशी धाप लागली असती, तर थांबली असतीस?"

हो म्हणणे सोपे होते. हो म्हटले असते तर प्रबंधही शाबूत राहिला असता आणि कदाचित बहीणही. फिब्रोनियाने मान खाली घातली.

"नाही. त्याच घटकेला अबूनांना बोलावलं असतं."

आयरिनी रडली नाही, ओरडलीही नाही. तिने हातातली घडी पुरी केली.

"बरं," ती म्हणाली. "मग हे बाहेर जाऊन सांग."

"काय सांगू?"

"मी विचारलं होतं, हे. वगदीसुद्धा तीन दिवस बोललेला नाही माझ्याशी. मला वाटलं, तू आल्या आल्या सांगशील."

फिब्रोनिया उठली. बाहेरच्या खोलीत बोलणी चालू होती. तिने दोनदा घसा खाकरला, तेव्हा कुठे बायका बोलायच्या थांबल्या.

"आयरिनीला सत्तराव्या दिवशीच बाप्तिस्मा करायचा होता," ती म्हणाली. "तिनं मला विचारलं. मी थांबवलं तिला."

उम्म वगदींनी पेला खाली ठेवला. "तू? तुला तर बाप्तिस्म्याचंच शिकवतात ना गं तिकडं?"

"हो. तेच शिकवतात."

कुणी तिला बस म्हणाले नाही. कोपऱ्यात वगदी उभा होता. तो तिच्याकडे न बघता बायकांमधून वाट काढत आतल्या खोलीकडे गेला, आणि दारातच अडखळून उभा राहिला.