बिनघामाची शर्यत

त्या वर्षी उन्हाने शाळेचा अगदी पिच्छा पुरवला होता. प्रार्थनेला मैदानात उभं राहिलं की बुटातून तळपाय भाजायचे. बाकाच्या लोखंडी कडेला कोपर लागला की पोरं किंचाळायची. पंखे होते, नव्हते असं नाही, पण ते छताजवळची गरम हवा गोळा करून डोक्यावर ओतायचं काम तेवढं इमानाने करायचे. सुट्टी द्यावी तर अभ्यासक्रम अर्धा राहिलेला, न द्यावी तर वर्गच्या वर्ग पेंगायला लागलेला. शेवटी मोठ्या बाईंनी कंबर कसली.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी एकदा कंबर कसली की बाकीच्यांची मोडते, हे शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी पहिला उपाय काढला तो पाण्याच्या घंटेचा. घंटा झाली की सगळ्या शाळेने एकदम पाणी प्यायचं. छान! आता तुम्हीच सांगा, सगळी शाळा एकदम पाणी प्यायली तर पुढे काय होणार? थोड्या वेळाने सगळी शाळा एकदमच बोट वर करून उभी. रांग जी लागायची ती पार वाचनालयापर्यंत, आणि भूगोलाचे सर बिचारे त्या रांगेतच नद्या शिकवायला लागले.

दुसरा उपाय गोणपाटांचा. व्हरांड्याच्या कमानींना ओली गोणपाटं टांगली, आणि खरं सांगायचं तर व्हरांडा खरोखरच गार झाला. पण गोणपाटांचं पाणी ठिबकत राहिलं फरशीवर, आणि त्या फरशीवरून चालल्या गणिताच्या बाई, हातात कंपास, काखेत वह्यांचा गठ्ठा. पाय सटकला तो थेट प्लास्टरमध्येच गेला.

इथून आमच्या शिट्टीसरांची साडेसाती सुरू झाली. शिट्टीसर म्हणजे खेळाचे शिक्षक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. आवाज खणखणीत, छाती रुंद, आणि मनाने इतका साधा माणूस की हरलेल्या संघाबरोबर स्वतःच रडायला बसायचा.

मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. "सर, उद्यापासून खेळाचा तास बंद."

"बंद? का हो बाई?"

"का म्हणजे? खेळलं की घाम. घाम म्हणजे अंगातलं पाणी गेलं. पाणी गेलं की चक्कर. चक्कर आली की पालक येणार. आणि पालक आले की ते तुमच्याकडे येत नाहीत, माझ्याकडे येतात. त्यापेक्षा तुमच्या त्या तासाला तुम्ही सातवीला गणित घ्या. गणिताच्या बाईंचा पाय बरा होईपर्यंत."

शिट्टीसरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यासाठी घंटाही लागली नाही.

"गणित?" ते कसेबसे म्हणाले. "गणितातलं काय?"

"अपूर्णांक."

आता इथे खरी गोम होती. सरांना अपूर्णांक येत नव्हते. म्हणजे थोडे कच्चे वगैरे नव्हेत. अजिबात, मुळीच, काडीइतकेही येत नव्हते. अर्धा म्हणजे काय ते कळायचं, कारण अर्धी वेळ झाली की शिट्टी मारावी लागते. त्याच्या पलीकडे अंधार. पण तेही चाललं असतं. बाहेरच्यांसमोर फजिती झाली तर माणूस चार दिवसांनी विसरतो. सातवीत मात्र सरांची मुलगी होती.

तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चालायची कधी नाहीच, पळायचीच. शाळेतली एकूण एक शर्यत जिंकलेली. आणि या मुलीला वाटायचं की आपल्या बाबाला जगातलं सगळं येतं. निदान सरांना असं वाटायचं की तिला तसं वाटतं. घरी ती गणिताची वही घेऊन आली की सर चटकन उठायचे. "अगं, मला अंघोळीला जायचंय, आईला विचार." या उन्हाळ्यात तर ही सबब इतकी सोयीची पडली की सर दिवसातून तीनदा अंघोळ करायचे आणि घरात कोणी भुवईसुद्धा उंचवायचं नाही.

"बाई," सर काकुळतीला आले, "ज्यात घाम येत नाही असा खेळ घेतला तर?"

मोठ्या बाई हसल्या. त्या क्वचितच हसायच्या, आणि हसल्या की समोरच्याला जास्त भीती वाटायची. "असा खेळ दाखवा. शुक्रवारी मी स्वतः बघायला येते. एकाही मुलाच्या कपाळावर घामाचा थेंब दिसता कामा नये. आणि नुसतं बसवून ठेवायचं नाही हं. खेळ म्हणजे खेळ हवा. तासाच्या आत निकाल लागला पाहिजे, कोण जिंकलं ते कळलं पाहिजे. जमलं तर तुमचा तास तुमचा. नाही तर सोमवारी खडू घ्या."

सर घरी आले ते चेहरा पाडून. बायको औषधाच्या दुकानात कामाला. दिवसभर गोळ्या मोजून हिशेबाला एकदम पक्की. सरांनी तिला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटलं आणि म्हणाले, "मला अपूर्णांक शिकव. हळू बोल. भिंगरी ऐकेल."

"आत्ता? या वयात?" ती म्हणाली. पण नवऱ्याचं तोंड बघून तिला दया आली. तिने कलिंगड घेतलं, आठ फोडी केल्या. "हे बघा. एकूण फोडी आठ. तो छेद. त्यातल्या तीन बाजूला काढल्या. तो अंश. कळलं?"

"कळलं."

"मग आता उरल्या किती?"

सरांनी ताटाकडे बघितलं. उकडत होतं, डोकं तापलं होतं, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात आपोआप चालू होता.

"अहो! छेद कुठे गेला?"

"खाल्ला," सर ओशाळून म्हणाले. अंशाचीही नुसती सालं उरली होती. बायकोने कपाळावर हात मारला आणि सुरी धुऊन ठेवून दिली.

म्हणजे खेळ शोधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सरांनी दोन दिवस डोकं खाजवलं. बसून चेंडू झेलायचा? पोरं उठणारच. डोळे मिटून उभं राहायचं? पोरं झोपणार, पडणार, पालक येणार. गुरुवारी सकाळी दात घासताना त्यांना एकदम आठवली ती स्लो सायकलची शर्यत. सगळ्यात शेवटी पोहोचेल तो पहिला! तेच सायकलीशिवाय करायचं. व्हरांडा गार आहेच, फरशी पुसून घेऊ. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, जमेल तितकं हळू. थांबला तो बाद. सर तोंडातला फेस न थुंकताच घरभर नाचले.

शुक्रवारी सातवीचा अख्खा वर्ग खडूच्या रेषेवर उभा राहिला. मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर पांढराशुभ्र हातरुमाल. घाम टिपायला नव्हे, पकडायला.

सरांनी शिट्टी मारली आणि काहीच झालं नाही.

म्हणजे सुरू झालं होतं, पण दिसत नव्हतं. पोरं असली भन्नाट हळू चालत होती की बघणाऱ्याला आपलाच डोळा अडकला की काय असं वाटावं. एक पाऊल उचललं की ते हवेतच मुक्काम करायचं. कोणी खोकलं तरी पुढे सरकायची भीती. पलीकडच्या वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहिली, मग त्यांचे शिक्षकही. भूगोलाचे सर तर चक्क टाळ्या वाजवायला लागले आणि मग गडबडून त्याही हळूहळू वाजवायला लागले. कपाळं सगळी कोरडी ठणठणीत. मोठ्या बाईंचा रुमाल कोराच्या कोरा. सरांची छाती दोन बोटं फुगली.

मग एकेक जण बाद व्हायला लागला. कोणाला शिंक आली, कोणी माशी हाकलायला थांबलं, कोणाचा तोल गेला. होता होता उरले दोघंच, आणि दोघंही शेवटच्या रेषेच्या अगदी तोंडाशी. एक पेंगुळ्या नावाचा मुलगा, जो एरवीही याच वेगाने जगायचा. आणि दुसरी भिंगरी! सरांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ही पोरगी, जी दात घासतानाही धावते, ती जिंकायचं म्हणून मुंगीला लाजवेल अशी चालत होती.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. रेषा ओलांडली की हरलो, म्हणून दोघंही ओलांडेनात. थांबत नव्हते, बाद होत नव्हते, पावलं हलत होती, पण केसाएवढी. अशी शर्यत कधी संपणार, हा विचार सरांच्या डोक्यातच आला नव्हता. त्यांनी आयुष्यभर संपणाऱ्याच शर्यती घेतल्या होत्या.

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "सर, घंटा व्हायला आली. निकाल?"

सर भिंगरीजवळ गेले, वाकले आणि ओठ न हलवता कुजबुजले, "हर, बाळा. एवढ्या वेळेला हर. टाक पाऊल."

"मी?" ती हवेतला पाय सांभाळत म्हणाली. शाळेत ती त्यांना सर म्हणायची. "सर, मी कधीच हरत नाही."

"माहितीये गं! पण माझ्यासाठी. नाही तर माझा तास जाईल, सोमवारपासून मला तुमच्या वर्गावर... ते जाऊ दे. तू हर."

भिंगरीने बापाकडे बघितलं. मग तिने एक मोठा श्वास घेतला आणि पाऊल टाकलं. रेषा ओलांडली! पेंगुळ्या जिंकला! व्हरांड्यात एकच गलका झाला आणि सरांनी दोन्ही हात वर केले.

ते खाली यायच्या आत भिंगरी सुटली. थांबलीच नाही. गोणपाट बाजूला सारून ती थेट मैदानात, रणरणत्या उन्हात, आणि सगळ्या मैदानाला तिने अशी सणसणीत फेरी मारली की धुळीचा लोट उठला.

"अगं ए! भिंगरे! परत ये!" सर ओरडले. शिट्टी मारायचंही त्यांना सुचलं नाही.

ती परत आली. थेट मोठ्या बाईंच्या खुर्चीपुढे उभी राहिली आणि कपाळ पुढे केलं. कपाळ कसलं, नळ होता तो. मोठ्या बाईंनी रुमाल लावला, उचलला, पिळला. फरशीवर थेंब पडले.

"सोमवारी खडू," बाई म्हणाल्या आणि खुर्ची उचलून गेल्या.

सरांना काही सुचेना. राग आला, रडू आलं, पण आधी पोरीला ऊन लागलं तर काय, ही भीती आली. तिला दंडाला धरून त्यांनी टाकीच्या नळाखाली नेलं, डोकं धरलं पाण्याखाली, ओंजळीने पाणी पाजलं. मग म्हणाले, "का केलंस गं असं? मी तुला काय सांगितलं होतं?"

"हर म्हणालास. हरले की." शाळा आहे हे ती आता विसरली होती.

"आणि ते धावणं?"

"ते तू गणित शिकवावंस म्हणून."

सरांना आता पळवाट उरली नाही. सांगावंच लागणार होतं. आज नाही तर सोमवारी, सगळ्यांसमोर. ते तिच्याशेजारी टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "बाळा, ऐक. मला ना... अपूर्णांक येत नाहीत. अजिबात नाही येत."

"मला माहितीये."

"माहितीये?"

"बाबा, थंडीत कोण तीनदा अंघोळ करतं?"

एवढी वर्षं आपण ज्याला अक्कलहुशारी समजत होतो ती ही. लाजेने त्यांचे कान लाल झाले, पण का कोण जाणे, छातीवरचं मोठं ओझंही उतरल्यासारखं वाटलं.

"मग माहिती असून मला वर्गात आणतेस होय? फजिती करायला?"

"फजिती कसली? आमच्या वर्गात कोणालाच येत नाहीत ते. गणिताच्या बाई इतक्या भराभरा शिकवतात की आम्ही हो हो म्हणतो आणि घरी जाऊन रडतो. तुला येत नाहीत, म्हणजे तू हळू जाशील. सगळ्यांनाच विचारत विचारत जाशील." तिने ओले केस झटकले. "तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी घाईघाईने तोंडावर नळाचं पाणी मारून घेतलं.

"बरं," ते घसा साफ करत म्हणाले. "येतो सोमवारी. पण एक कर. मला काही येत नाही हे तू आणि मी, दोघांतच राहू दे. वर्गात कोणाला बोलू नकोस."

"अरे बाबा," भिंगरी म्हणाली, "त्या कलिंगडाच्या दिवशी मी दाराआडून सगळं ऐकलं आणि वर्गात सगळ्यांना सांगून टाकलंय. म्हणून तर आज अख्खा वर्ग शिंकत शिंकत बाद झाला, म्हणजे रेषेपाशी मी आणि पेंगुळ्याच अडून राहू आणि निकालच लागणार नाही. सगळे तुझी वाट बघतायत."