तुतीवरची शावतिता

मित्रांनो, मी एक जुनी द्राक्षवेल आहे. गुरियाच्या डोंगरात, त्सियाला नावाच्या बाईच्या अंगणातल्या उंच तुतीवर चढून बसले आहे. माझे घड लांब आणि काळे, म्हणून गाव मला शावतिता म्हणतं. आमच्या बोलीत त्याचा अर्थ काळं बोट. तारेवर ओळीने बांधलेल्या, कमरेएवढ्या वेली तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचं त्यांना लखलाभ. मी कुणापुढे वाकून वाढलेली नाही.

त्सियालाच्या सासऱ्यांच्या आजोबांनी मला लावलं. आधी तुती लावली, तिचं खोड मांडीएवढं झाल्यावर तिच्या पायथ्याशी मी. आमच्याकडे अशीच रीत. सगळीकडची द्राक्षं उतरली, माणसं निवांत झाली, की नोव्हेंबरच्या अखेरीस माझी वेळ यायची. पुरुष निमुळती टोपली कमरेला बांधून वर चढत, फांदीवर बसून गात गात घड तोडत आणि भरलेली टोपली दोरीने खाली सोडत. शेजारच्या अंगणातल्या झाडावरचा माणूस गाण्याची पुढची ओळ उचलत असे. माझी वाइन जमिनीत पुरलेल्या रांजणात वसंतापर्यंत मुरायची आणि लग्नात पहिला प्याला माझाच असायचा. तेव्हा मी फुशारकी मारायचे. आजही मारते.

मग मुळं खाणारी कीड आली. माझ्या बहिणी पटापट वाळल्या. लोकांनी इझाबेला नावाची परदेशी द्राक्षवेल आणली, कारण तिला ना फवारणी लागते, ना माया. मी मरणारच असं धरून चालून घरच्यांनी एक इझाबेला माझ्याच तुतीच्या पायथ्याशी लावली. मी मेले नाही. पुढे सरकारी हुकूम निघाला, की झाडांवरच्या वेली तोडा आणि तारांवर नव्या लावा. तेव्हाही मी वाचले. तोडायला आलेल्या माणसांना घरच्यांनी जेवायला बसवलं आणि रांजण रिकामा होईपर्यंत उठू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्सियालाचा नवरा वारला. मग तिचा धाकटा दीर वालिको एके दिवशी अंगणात येऊन उभा राहिला.

"वहिनी, ही तुती पाडू. नुसती सावली करून बसलीय. तिथं हेझलनटची चांगली बाग होईल."

"आणि वेल?"

"कुठली वेल? वर काय आहे ते कावळ्यांनाच ठाऊक. दहा वर्षांत कुणी चढलंय का?"

ते मात्र खरं होतं. त्सियालाच्या नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हापासून माझे घड पाखरंच खात होती. याचं दुःख मला झालं, खोटं कशाला बोलू?

पण त्सियाला हट्टी. तिने राजधानीतून, तिबिलिसीहून, नोदारसाहेबांना बोलावलं. द्राक्षांच्या हरवलेल्या जाती शोधत गावोगाव हिंडणं हेच त्यांचं काम. वालिकोही कबूल झाला. साहेबांनी जात दुर्मीळ ठरवली, तर तुती राहील. नाहीतर त्यानंतरच्या सोमवारी करवत.

ऑक्टोबरात साहेब आले. त्यांनी हात वर केला, हाताला लागलं ते पान तोडलं आणि उलटं करून पाहिलं. पानाच्या पाठीवर दाट पांढरी लव होती.

"बाई, ही इझाबेला. इथं कुंपणाकुंपणावर आहे."

अहो, ते पान माझं नव्हतं! ते पायथ्याच्या त्या परकीचं होतं. माझी पानं पार वर, शेंड्याला. मी वाऱ्याने सळसळले, आपटले, पण वेलीचं कोण ऐकतं?

"करवतीला धार लावतो," वालिको म्हणाला.

त्सियालाने मान वर करून शेंडा पाहिला. घरात गेली, नवऱ्याची विजार चढवून आली, टोपली कमरेला बांधली आणि खोडाला शिडी लावली. वय वर्षं सदुसष्ट.

"वहिनी, उतरा खाली! बायका कधी चढतात का? गाव काय म्हणेल?"

"गाव म्हणेल, वालिको खाली उभा होता."

शिडी संपली तिथून पुढे ती फांद्या धरून चढली. तिचा गुडघा खरचटला. घाबरली होती ती, आणि मीही. एखादी फांदी कुजकी निघाली असती तर? शेंड्याजवळ तिने माझा एक फुटवा पानाघडासकट कापला आणि टोपली दोरीने खाली सोडली.

साहेबांनी पान उलटं केलं. पाठ हिरवी, गुळगुळीत. कडांना खोल खाचा. त्यांनी मणी चिरडून रस पाहिला, बी पाहिलं आणि दुसरा मणी तोंडात टाकला. मग त्यांनी टोपी काढली.

"चुकलो, बाई. तीस वर्षं हिंडतोय, पण असं पान माझ्या एकाही वहीत नाही. नाव काय हिचं?"

"शावतिता!" वरून आवाज आला. "आणि नीट लिहून घ्या. मी काही परत चढणार नाही!"

फेब्रुवारीत माझ्या काड्या कापायला वालिको चढला, कुरकुरत का होईना. किडीला दाद न देणाऱ्या मुळांवर साहेबांनी त्यांची कलमं बांधली. त्सियालाने प्रत्येक कलम देताना बजावलं, की आधी झाड दाखवा, तारेवर चढवणाऱ्याला मिळणार नाही.

मित्रांनो, मला दया नको. माझ्यासारख्या जुन्या जाती तुमच्याही गावात असतील. त्यांना कुचकामी ठरवण्याआधी जरा कष्ट घ्या. हाताला लागलेल्या पहिल्या पानावर कुणाचा निकाल लावू नका.

आता मी बारा अंगणांत आहे. मला संपवायचं असेल तर बारा घरांशी भांडावं लागेल, आणि त्यातल्या एका घरात त्सियाला राहते.