चारनंतर पाणी नाही

“मोहिनी, पुरन सैल झालं वं. कोनं वाटलं हे?”

आत्या पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात पुरण नव्हतं, चूल नव्हती, मांडे भाजायचं मातीचं खापरही नव्हतं. पायांवरची चादर त्यांनी दोन्ही मनगटांवर घेतली होती आणि पुरणाचा मांडा हातांवर झुलवून मोठा करतात तशी ती झुलवत होत्या.

दारात उभी असलेली शेजारची यशोदाबाई हसली. “काम सुटत नही बाई हातातून,” म्हणाली. मीही हसले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कुंदाबाई. फैजपूरच्या आसपास कुणाकडे लग्न असो की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मांडे करायला त्याच हव्यात, असं चाळीस वर्षं चाललं. पालथ्या खापरासमोर सकाळी सातला बसल्या की शेवटचा मांडा उतरेपर्यंत उठायच्या नाहीत. तापलेलं खापर सोडून जाता येत नाही, आणि परक्याच्या घरी संडास कुठे आहे हे विचारायची लाज. म्हणून पाणीच प्यायच्या नाहीत. मांडे करणाऱ्या साऱ्याच बायांची ती रीत. “घोटभर पेलं की दोनदा उठनं पडते,” असं त्या नव्या बायांना शिकवायच्या, आणि आम्ही ते चारचौघांत कौतुकानं सांगायचो.

बाहत्तराव्या वर्षी गुडघे गेले, खापर सुटलं. पाणी प्यायची सवय मात्र कधी लागलीच नाही.

एप्रिलच्या शेवटी, पंखासुद्धा गरम वारा फेकत असताना, त्यांचं अंथरूण ओलं व्हायला लागलं. पहिल्या दिवशी ओलं लुगडं त्यांनी गादीखाली लपवलं. मला वासावरून कळलं. वास उग्र होता आणि डाग काळ्या चहासारखा. मी नाक मुरडलं, हे कबूल करते. आखाजी तोंडावर आलेली, नणंदा यायच्या होत्या. मी ठरवून टाकलं, दुपारी चारनंतर आत्यांना पाणी नाही. उशाचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात ठेवला. त्यांनी तक्रार केली नाही. उलट म्हणाल्या, “बरं केलं वं. तुले धुनं तरी कमी.”

माझ्या नवऱ्याला, योगराजना, सांगितलं. केळीची गाडी भरायची म्हणून ते निघाले होते. “वय झालं तिचं. ताप हाये का?” एवढंच त्यांनी विचारलं. ताप नव्हता. लघवीला आग होते का, दुखतं का, हे आत्यांना विचारायला हवं होतं. पण सुनेनं सासूला असलं काही विचारणं आमच्या घरात कधी झालेलं नाही. पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी त्यांनी चादरीचे मांडे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हाकेला ओ देईनात. हातपाय गार, धाप लागलेली. गाडी करून जळगावला नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. तपासण्या पाहून तिनं आम्हा दोघांना बाजूला घेतलं. “लघवीत जंतुसंसर्ग झालाय आणि तो रक्तात पसरलाय. बरळणं कधीपासून?”

“कालपासून. पन ते वयानं असन,” योगराज म्हणाले.

“परवापर्यंत नीट बोलत होत्या ना? मग एका दिवसात वय कसं होईल, काका?” ती चिडली नव्हती, थकली होती. “म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच, आग होईलच असं नाही. कधीकधी अचानक बरळणं हेच पहिलं लक्षण असतं. लघवी तपासली असती तर कळलं असतं. पाणी किती पीत होत्या?”

योगराजनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. चारनंतर मी देत नव्हते, तेही सांगितलं. तिनं ते कागदावर लिहून घेतलं आणि मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या तासभर शुद्धीवर आल्या. अगदी नेहमीसारख्या.

“माहे लुगडे कोनं धुतले?”

“मीच, आत्या.”

“समदे?”

“हो.”

त्यांनी डोळे मिटले. “कोनाले सांगू नको वं.”

मी हो म्हटलं. संध्याकाळी त्या गेल्या.

भेटायला येणाऱ्यांना योगराज सांगायचे, अटॅक आला. पाचव्या दिवशी मांडे करणाऱ्या बाया आल्या, सात-आठ जणी. त्यांत सुनंदाबाई होती, आत्यांच्या शेजारच्या खापरावर तीस वर्षं बसलेली. “काय बाई होती! दिवसभर घोटभर पानी नही घे,” डोळे पुसत ती म्हणाली. साऱ्यांनी माना डोलावल्या.

माझं डोकं फिरलं. “त्यानंच गेल्या त्या,” मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. ओलं अंथरूण, वास, डाग, बरळणं, मी उचललेला तांब्या, काहीच लपवून ठेवलं नाही. मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द पाच दिवसही पाळता आला नाही मला. यशोदाबाईनं तोंडाला पदर लावला. कुणीतरी पुटपुटलं, “असं सांगाचं असते का वं?” एकेक जण उठून गेली.

सुनंदाबाई उठली नाही. ओसरी रिकामी झाल्यावर तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, “तू म्हने तो वास... कसा असते वं तो?”

सुतकात आमच्याकडे घरातली बाई बाहेर पडत नाही. मी चपला घातल्या आणि तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथं तिला झाकणाची छोटी बाटली दिली. ती कशाला, हे मी तिच्या कानात सांगितलं आणि संडासाच्या दाराशी उभी राहिले. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. बाटली पदराखाली दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. तपासणीची खिडकी दुसऱ्या टोकाला होती आणि मधल्या बाकांवर गावातले ओळखीचे पुरुष बसले होते. ती जागची हलेना.

“द्या इकडे, मावशी,” मी म्हटलं. तिच्या हातातून बाटली घेतली आणि ती तशीच उघड्या हातात धरून, त्या सगळ्यांच्या समोरून, खिडकीपर्यंत चालत गेले.