पाठीला भेंडी लागत नाही

"अर्धी ओळ तोडून बसलीस? उरलेली कोण, मी तोडू?"

शेजारच्या घरातल्या दोघी जावांपैकी थोरली अशी कडाडली की बांधाच्या अलीकडे माझ्याच हातातली भेंडी गळून पडली. त्यांच्या आणि माझ्या शेतात एकच बांध आहे. तिकडे भांडण लागलं की माझे हात आपोआप हळू चालतात, खोटं कशाला बोलू. त्यात भेंडी म्हणजे किरकिरं पीक. एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते, मग बाजारात कुणी फुकटसुद्धा घेत नाही. आणि तोडायला गेलं की तिची बारीक लव हाताला लागते, मनगटं आणि मान यांची नुसती आग होते. त्यामुळे हंगामात कुणी खाजवत असलं तर त्याला कुणी कारण विचारत नाही.

धाकटी जाऊ ओळीच्या मधोमध उकिडवी बसली होती. तोंडाला फडकं बांधलेलं, मान खाली. गेले काही दिवस ती अशीच रेंगाळत होती आणि तिच्या वाटणीचं काम थोरलीच्या गळ्यात पडत होतं. थोरली चिडेल नाहीतर काय करेल? उन्हानं आम्ही सगळ्याच कावलो होतो.

या धाकटीला फिट येतात. बाळंतपणानंतर तर त्या फारच वाढल्या. एकदा ती पाण्याच्या हंड्यासकट अंगणात आडवी झाली, एकदा चुलीपाशी पडून कोपर भाजून घेतलं. तेव्हापासून सासूनं घरात कायदाच केला, लेकरू तिच्या हातात द्यायचं नाही. अंगावर पाजायचं तेही सासू शेजारी बसणार आणि पाजून झालं की उचलून नेणार. लेकरू रांगायला लागलं तरी आईच्या कडेवर म्हणून बसलं नव्हतं. सासू वाईट नाही हो, घाबरलेली होती बिचारी. पण घाबरलेल्या माणसाचा जाच जास्त होतो.

मग नवऱ्यानं तिला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. नवी गोळी मिळाली आणि एकही गोळी चुकवायची नाही अशी ताकीद मिळाली. त्यानं ती इतकी मनावर घेतली की लोकांनी त्याचं नाव घड्याळ पाडलं. शेतात असो, लग्नात असो, वेळ झाली की हा पाण्याचा तांब्या घेऊन बायकोसमोर उभा. आणि गुण आला! फिट थांबल्या. सासूचा धीर वाढला, आणि एका सकाळी धाकटी लेकराला कडेवर घेऊन माझ्या दारात आली. "काकू, बघा," एवढंच म्हणाली. मला तर रडूच फुटलं.

त्याला पंधरवडा झाला नसेल, तोच हे रेंगाळणं सुरू झालं होतं.

"ताई, कणकण आहे थोडी," धाकटी फडक्याआडून म्हणाली. "आणि भेंडीची खाज."

"खाज तुला एकटीलाच येते का? आम्ही काय लोखंडाच्या आहोत? आणि ते तोंड कशाला झाकलंयस, नवी नवरी आहेस का?"

थोरलीनं फडकं ओढलं आणि दोन पावलं मागे सरली. मी बांध ओलांडून गेले. ओठ फुटून त्यांवर रक्ताच्या खपल्या धरल्या होत्या, तोंडात आतपर्यंत फोड आले होते, डोळे लाल होऊन चिकटत होते.

"अगं बाई, तोंडानं भेंडी तोडतेस का तू?" थोरली म्हणाली खरी, पण त्यात चेष्टा उरली नव्हती. तिनं धाकटीच्या मानेवरचा कपडा मागे ओढून आत पाहिलं. सगळ्या पाठीवर लालकाळे चट्टे उठले होते आणि एका जागी फोड फुटून कातडी सुटली होती.

"पाठीला भेंडी कुठून लागली गं?"

धाकटीनं फडकं पुन्हा तोंडावर ओढलं.

"मी तुला विचारतेय. पाठीला भेंडी लागत नाही. हे गोळीचं आहे. नवं दुसरं काय पोटात गेलंय तुझ्या?"

"हळू बोला ताई." तिनं थोरलीचा हात धरला. "मला कळलंय कधीच. पण घरात कळलं तर गोळी बंद करतील. गोळी बंद झाली की फिट येईल, आणि लेकरू काढून घेतील माझ्याकडून. जाईल हे अंगावरचं. मी सोसतेय ना?"

तेवढ्यात बांधावरून घड्याळ आलंच, हातात तांब्या आणि मुठीत गोळी. थोरलीनं त्याच्या मुठीवर झडप घातली.

"वहिनी, वेड लागलं का? वेळ झालीय!"

"आज गोळी नाही. आज डॉक्टर."

"चुकवायची नाही म्हणून सांगितलंय! मध्येच फिट आली तर जबाबदार कोण?"

"मी जबाबदार. आधी बायकोची पाठ बघ, मग माझ्याशी भांड."

त्यानं पाहिलं. तांब्यातलं पाणी त्याच्याच पायावर सांडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तशी आम्ही सगळी भेंडीला शिव्या घालत होतो, आणि चोराला हाच रोज पाणी पाजत होता.

भेंडी न्यायला टेम्पो आला होता. थोरलीनं भरलेले क्रेट खाली ओढले आणि मागे गोणपाट अंथरलं. टेम्पोवाला कुरकुरला, "बाजार हुकला तर मला बोलायचं नाही." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप गाडीत बसला. मीही चढले. धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं, तर माझ्या बोटांना तिच्या कानामागची कातडी चिकटून आली.

दवाखान्यात तिला भाजलेल्या माणसांच्या खोलीत ठेवलं. डॉक्टरीण नवऱ्याला म्हणाली, "अजून एकदोन दिवस गोळ्या चालू राहिल्या असत्या तर हाती लागली नसती. अंगावर चट्टे उठले तर लगेच यायचं, हे नव्हतं सांगितलं?"

"सांगितलं असेल, बाई," तो म्हणाला. "मी चुकवायची नाही एवढंच घेऊन घरी गेलो."

त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं. चादरीला कातडी चिकटायची, घोटभर पाणी गिळताना ती डोळे पांढरे करायची. तिथेच एकदा फिटही आली. शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरणीला म्हणाली, "ती पहिलीच गोळी द्या. अंग सोललं तरी चालेल मला." डॉक्टरीण तिच्या उशाशी बसली. ती गोळी आता जन्मात घ्यायची नाही म्हणाली. दुसरी आहे, पण तिचा गुण यायला वेळ लागेल. तोवर फिट येऊ शकते. चूल नको, विहीर नको, लेकराला उचलणं नको.

आगीतून फुफाट्यात. दुसरं काय म्हणायचं याला?

ती घरी आली तेव्हा मी गेले होते. चेहऱ्यावर नवी गुलाबी कातडी, उजेड सोसत नाही म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा. लेकरू तिला बघून सासूच्या कुशीत शिरलं. सासूचेही डोळे भरले होते, पण तिनं लेकरू पुढे केलं नाही. घड्याळ दारात खाली मान घालून उभा होता. धाकटी जमिनीवरच्या अंथरुणावर आडवी झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

थोरली चुलीपुढून उठली, हात पुसले आणि सासूकडून लेकरू घेतलं.

"अगं, मध्येच तिला फिट आली तर?" सासू कळवळली.

"येऊ दे. आडवी आहे ती. जमिनीवरून खाली कुठे पडणार? आणि मी इथंच बसतेय, लेकराला उचलायला." मग धाकटीला म्हणाली, "हो गं उताणी."

तिनं लेकराला धाकटीच्या पोटावर ठेवलं आणि शेजारी मांडी घालून बसली. आधी ते रडलं. मग वास ओळखीचा वाटला असेल, हुंदके देत देत वर सरकलं आणि दोन्ही हातांनी आईचे गाल ओढायला लागलं. त्या कोवळ्या कातडीवर त्याची नखं लागत होती. धाकटीनं दात आवळले.

"दुखतंय ना?" थोरलीनं हात पुढे केला. "घेऊ बाजूला?"

"दुखतंय," ती म्हणाली. "पण उचलू नका."