ढिगाऱ्याखालची उचकी

देणाऱ्यानं कुणाला काय द्यावं, याला काही धरबंध नाही. कुणाला दहा रेड्यांचं बळ दिलं, कुणाला भिंतीपलीकडचं बघणारे डोळे दिले, आणि उचकीरावांना काय दिलं? तर त्यांनी ज्याची आठवण काढावी, त्याला उचकी लागावी.

आता उचकी लागली की कुणीतरी आठवण काढली, असं आपण सगळेच म्हणतो आणि घोटभर पाणी पिऊन विसरून जातो. उचकीरावांच्या बाबतीत मात्र हे पोचपावतीसकट खरं होतं. शाळेत भूगोलाच्या तासाला त्यांना हटकून मावशीची आठवण यायची, आणि दोन गावं पलीकडे मावशी हातातलं काम टाकून छाती धरून बसायची. शेवटी तिनं बहिणीला पत्र लिहिलं, की पोराचा माझ्यावर जीव आहे हे कळलं, आता जरा भूगोलावर लावायला सांग.

तर असे हे उचकीराव सात महिने शहराच्या संकट पथकात कच्च्या नेमणुकीवर होते. पथकात क्रेन होता, जो उभा ट्रक मांडीवर घेऊन चाक बदलायचा. दुर्बीणताई होत्या, त्यांना विटांच्या भिंतीआडचं घड्याळ वाचता यायचं. आणि या सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या कॅप्टनबाई होत्या, ज्यांच्याकडे कसलीच शक्ती नव्हती, त्यामुळे त्यांना विचार करावा लागायचा.

उचकीराव फोन घेत, हेल्मेटं पुसत आणि परीक्षेची वाट बघत. परीक्षा तीनदा झाली. तिन्ही वेळा अनोळखी माणसाचा फोटो समोर ठेवला गेला, आणि तिन्ही वेळा डोळे दुखण्यापलीकडे काही झालं नाही. आठवण काढायला माणूस मनात असावा लागतो, फोटोत नुसता चेहरा असतो. 'म्हणजे चोर पकडायचा तर आधी त्याच्याशी घरोबा करायला हवा,' असं क्रेन म्हणाला, आणि पथक आठवडाभर हसत राहिलं. सोमवारी कॅप्टनबाईंनी त्यांना बोलावून, आवाज न चढवता, शनिवार हा तुमचा शेवटचा दिवस असं सांगितलं.

ही गोष्ट त्या शनिवारची, सकाळी अकराची.

एक तीन मजली इमारत गुडघ्यात मोडून खाली आली होती. पहाटेपासून भिंती कुरकुरत होत्या म्हणून वरचे लोक वेळेत बाहेर पडले होते. तळमजल्यावर दोन जावांची लाँड्री होती. दोघी गिऱ्हाइकांसकट बाहेर आल्या, आणि बॉयलरचा कॉक उघडा राहिला म्हणून धाकटी उलट्या पावली आत पळाली. दीड मिनिटानं इमारत बसली. वाफेचा फुसफुसाट थांबला होता, म्हणजे कॉक तिनं बंद केला होता. त्यानंतर तिचा आवाज कुणाला ऐकू आला नव्हता.

इंजिनिअरनं खडूनं रस्त्यावरच आकृती काढून दाखवली. लाँड्रीवर पडलेला स्लॅब अखंड होता आणि मधल्या एका खांबावर तोलून राहिला होता. मागून उचलला तर पुढून बसणार, पुढून उचलला तर मागून. उचलायची संधी एकदाच. ती चुकली तर जी बाजू बसेल तिच्याखाली काही उरणार नाही. आणि शेजारची भिंत अर्धा तास तग धरेल, तोही तिच्या मनात असेल तर.

"ताई, कुठे आहे ती?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

दुर्बीणताईंनी डोळे बारीक केले, मग मिटूनच घेतले. आत दोनशे माणसं दिसतायत, म्हणाल्या. कोट, डगले, कारखान्याचे ओले अंगरखे, सगळे एकमेकांवर पडलेले, सगळ्यांना खांदे, सगळ्यांना बाह्या, कित्येकांत चिखलासारखा चुना भरलेला. त्यातली बाई कोणती, हे त्यांना सांगता येईना.

क्रेनचं म्हणणं सरळ होतं. बॉयलर मागे आहे, ती बॉयलरकडे गेली, तर मागून उचलू. सगळ्यांना ते पटलं. कॅप्टनबाईंनी घड्याळ बघितलं, आकृती बघितली, आणि मग, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं, त्यांची नजर हेल्मेटांचा गठ्ठा धरून उभ्या असलेल्या उचकीरावांवर गेली.

"तुम्हाला दहा मिनिटं देते," त्या म्हणाल्या. "ती शुद्धीत नसली तरी उचकी लागेल ना?"

"लागेल. पण मी तिला ओळखत नाही हो."

"मग ओळख करून घ्या."

जमिनीतला आवाज टिपणारी तीन यंत्रं मांडली गेली, एक मागे, एक मध्ये, एक पुढे. दुर्बीणताईंनी कानाला हेडफोन लावले. तीन शिट्ट्या झाल्या. इंजिनं थांबली, गर्दी गप्प झाली, समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्ध्यावरच धरून ठेवलं.

धाकटीचा नवरा मागच्या बाजूला, यंत्राशेजारी एका पायरीवर बसला होता. उचकीराव त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि तिच्याबद्दल सांगा म्हणाले. त्यानं हळू आवाजात सांगितलं, की ती देवमाणूस आहे. लाखात एक. कुणाला दुखवायची नाही, हसतमुख, कामाला वाघ. उचकीरावांनी डोळे मिटून त्या बाईला शोधायचा प्रयत्न केला, पण हाताला काही लागेना. शोकसभेत प्रत्येकाबद्दल हेच बोलतात. या वर्णनाची बाई कुठल्याही गल्लीत नसते, तिला उचकी लागायची कशी? त्यांच्या मनात राहिला तो तिचा नवराच, त्याचा थरथरणारा गुडघा, त्याची दाढी करायची राहिलेली हनुवटी.

"ऐकू आली!" दुर्बीणताईंनी हात वर केला. "मागे. अगदी स्पष्ट."

क्रेननं तळहातावर थुंकी लावली आणि स्लॅबच्या मागच्या कडेखाली हात घातले. सिमेंटची भुकटी गळायला लागली. उचकीरावांनी डोळे उघडले, आणि समोर नवरा तोंडावर हात दाबून बसला होता, खांदे पुन्हा उडाले होते.

"थांबा," ते ओरडले. "यांची आहे. ही उचकी यांची आहे."

क्रेननं हात काढले. त्यानं उचकीरावांकडे असं बघितलं, की सात महिन्यांची थट्टा त्यापुढे लाडाची वाटावी. एक बोट आणखी उचललं असतं तर स्लॅब हलला असता. कॅप्टनबाई म्हणाल्या, सहा मिनिटं उरलीत. राग नव्हता त्यात, आणि तेच जास्त लागलं.

उचकीराव उठले. पुढच्या बाजूला, गर्दी अडवणाऱ्या दोरीच्या अगदी कडेला, थोरली जाऊ अनवाणी उभी होती, गळ्यात मापाची फीत आणि चेहरा इस्त्री केल्यासारखा. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, कारण गल्लीला ठाऊक होतं की दोघी जावा तीन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. एका बँडवाल्याचा लाल कोट जळला होता. इस्त्री कुणी ठेवली, यावर बोलणं जे थांबलं ते थांबलंच. दुकान मात्र चालू. काही सांगायचं झालं तर गिऱ्हाइकाला मध्ये घालायच्या, 'सांगा त्यांना, बाही उलटी राहिलीय.'

"तुमच्या चपला?" उचकीरावांनी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"तिनं नेल्या," थोरली म्हणाली. "एक तिची, एक माझी. नेहमीचंच. घाईत जे पायात येईल ते. माझी दुसरी कुठे लाथाडली कोण जाणे."

उचकीरावांनी तिला बोलू दिलं. मासा गळाला लागताना दोरी हलवायची नसते.

"लाखात एक म्हणे," थोरलीचा आवाज दबका होता, पण त्यात वाफ होती. "हसतमुख म्हणे. सकाळी दहापर्यंत तोंड असं, की दुधानं आपणहून नासावं. कॉलर आधी करते. सगळं जग कॉलर शेवटी करतं, ही आधी, आणि मग चुरगळली की माझ्याकडे बघते, जणू मीच चुरगळली. गळ्यात कात्री लोंबतेय आणि दोरा दातानं तोडते. गाणं एकच येतं, त्याचीही पहिलीच ओळ. अकरा वर्षं झाली, दुसरी ओळ काही शिकली नाही. काहीही सांगा, 'बघू' म्हणणार. आग लागली म्हटलं तरी 'बघू'. आणि स्टार्चचा डबा. झाकण म्हणून लावायची नाही. रोज वर साय धरते, रोज मी ती काढते."

"रोज?"

"रोज. झाकण शेजारीच असतं हो. हात लांब करायचा फक्त."

आणि कसं कोण जाणे, उचकीरावांना तो डबा दिसला. डब्याशेजारचं झाकण दिसलं. झाकणावर कोपर टेकून दातानं दोरा तोडणारी, तीच ती ओळ गुणगुणणारी एक बाई दिसली, आणि त्यांना तिचा मनापासून, जुन्या ओळखीच्या माणसाचा यावा तसा, राग आला. अगं, लाव की ते झाकण!

दुर्बीणताई दचकल्या. त्यांनी एक कान हातानं दाबला.

"आहे," त्या कुजबुजल्या. "पण पुढे. इथे, दाराजवळ."

"मघाशी मागे होती," क्रेन म्हणाला. "आता पुढे. उद्या म्हणाल गच्चीवर आहे."

वरून एक वीट सुटली आणि फुटपाथवर फुटली. भिंतीतल्या भेगेतून आता आरपार उजेड दिसत होता. कॅप्टनबाईंनी गर्दीवरून नजर फिरवली. या वेळी एकही खांदा उडत नव्हता, एकाही तोंडावर हात नव्हता. त्यांनी उचकीरावांना 'पुन्हा' असं खुणावलं.

पुन्हा झाकण. पुन्हा ती ओळ. दुर्बीणताईंनी बोट वर केलं. तिसऱ्यांदाही केलं, आणि त्या वेळी पुढच्या यंत्राजवळ पालथ्या पडलेल्या कॅप्टनबाईंनाही ते उघड्या कानांनी ऐकू आलं, खोल, बारीक, झोपेतल्या मांजरानं शिंकावं तसं. कॉक बंद करून ती परत निघाली होती. दार चार पावलांवर राहिलं होतं.

"पुढून," कॅप्टनबाई म्हणाल्या. "उचल."

क्रेननं उचकीरावांकडे एकदा बघितलं, मग पुढच्या कडेखाली खांदा लावला. स्लॅब कण्हत वर आला, आणि त्याच वेळी मागची बाजू, जिथे ती असेल असं सगळ्यांनी धरलं होतं, ती धाडकन बसली. बॉयलर कागदी पुड्यासारखा चेपल्याचा आवाज आला. धुळीत दोन जवान पोटावर सरपटत शिरले. काउंटर आडवा पडला होता, त्याच्या पोकळीत कोटांच्या ढिगाखाली ती होती. तिला ओढून बाहेर काढलं आणि क्रेननं हात सोडला, आणि भिंतही गेली.

धूळ बसेपर्यंत कुणी कुणाला दिसलं नाही. उचकी तेवढी ऐकू येत होती.

कारण उचकीरावांना थांबता येईना. आठवण काढायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, विसरायला तर नाहीच नाही. स्ट्रेचरवर धाकटी बेशुद्ध होती, ओठ पांढरे, आणि दर चार श्वासांनी अख्खं अंग उडत होतं. डॉक्टर सुई हातात घेऊन खोळंबले होते. बरगड्या तुटल्यात, म्हणाले, एखादी फुप्फुसात घुसायला दोन उचक्या पुरतील, काय चाललंय ते बंद करा.

उचकीराव पाढे म्हणायला लागले. भूगोल आठवून पाहिला. पण सात नव्वे म्हणताना डोळ्यांपुढे ती पांढरी, चुन्यानं माखलेली बाई होती, आणि ज्याला विसरायचं त्याच्यासारखं डोक्यात दुसरं काही रुतत नाही.

थोरली स्ट्रेचरची दांडी धरून उभी होती. "मी हिला थांब म्हणाले नाही," ती कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. "तोंड उघडलं, आणि सवयीनं शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, सांगा तिला, आत जाऊ नको. तो सांगेपर्यंत ती गेली." हे ऐकल्यावर तर उचकीरावांच्या मनात धाकटी आणखीच घट्ट बसली. स्ट्रेचर हादरलं.

कॅप्टनबाईंनी त्यांना दंडाला धरून आपल्याकडे फिरवलं.

"उचकीराव, उद्या सकाळी सहाला हजर राहायचं. पहिल्या गाडीत, माझ्या शेजारी बसायचं. पक्की नेमणूक."

उचकीराव बघतच राहिले. पहिली गाडी. सात महिने ती त्यांनी बाहेरून पुसली होती. त्यांना ती जागा दिसली, समोरची काच दिसली, आणि जगातलं बाकी सगळं, लाँड्री, डबा, झाकण, गाण्याची ओळ, कुठल्या कुठे गेलं.

मागे डॉक्टर "हं" म्हणाले. सुई शिरली होती. स्ट्रेचर स्थिर होतं. थोरली वाकून धाकटीच्या केसांतला चुना काढत होती, आणि मध्ये कुणालाही न घालता तिला सांगत होती, की आता उगाच झोपून राहू नकोस, दुपारचे गठ्ठे माझ्या एकटीच्यानं उरकायचे नाहीत. दुपारचे गठ्ठेच काय, दुकानच उरलं नव्हतं, पण ते तिला सांगायला कुणी पुढे झालं नाही. धाकटीचे ओठ हलले. काय म्हणाली ते नीट कळलं नाही. 'बघू' असावं.

धाकटीला घेऊन रुग्णवाहिका गेली, तशी उचकीरावांना शंका आली.

"बाई, खरं सांगा. हे खरंच, की मी तिला विसरावं म्हणून नुसतं म्हणालात?"

कॅप्टनबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांना उचकी लागली. मग दुसरी लागली. क्रेन पाण्याची बाटली घेऊन आला आणि गंभीर चेहऱ्यानं मध्ये उभा राहिला. कॅप्टनबाई तीन घोट प्यायल्या, तोंड पुसलं.

"नुसतं म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "पण म्हणताना माझ्या लक्षात आलं, की खरंच आहे. आता माझा विचार सोडा आणि ती यंत्रं गोळा करा. सहाला म्हणजे सहाला."