सुईणीचं पाणी

जुळे झाले त्याच दुपारी सासूबाईंनी ठरवून टाकलं. थोरला आपल्या पाद्रीकडे, धाकटा नव्या पंथाकडे.

"राजाचा, आपल्या धर्माचा पक्ष टिकला तर थोरला वोरनारचा धनी," माझ्या पलंगाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या. "ते जिंकले तर धाकटा. जिंको कुणीही, किल्ला घरातच राहील."

"आणि माझं पोर, आईसाहेब?"

"दोन दिलीत ना देवानं? मग एकासाठी कसलं रडता, सूनबाई! आटेल ते दूध."

माझा नवरा दूर एका शहराच्या वेढ्यावर. विचारणार कुणाला? सासूबाईंचे सख्खे भाऊ, बेरोमामा, नव्या पंथाच्या फौजेत सरदार. त्यांचा निरोप स्पष्ट होता : मूल कोरं पाठवा, त्याचा बाप्तिस्मा आमच्या प्रार्थनाघरात, आमच्या माणसांसमोर होईल. म्हणून थोरल्याच्या बाप्तिस्म्याला घंटा वाजल्या, आणि धाकटा तसाच माझ्या कुशीत राहिला. मऊ, ऊनऊन, मुठीत माझं बोट धरून.

तिसऱ्या दिवशी मामांची गाडी चौकात येऊन उभी राहिली. तरी सासूबाई 'न्या' म्हणेनात. जपमाळ ओढत खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. "वाटेत काही झालं तर? बाप्तिस्म्याविना गेलेल्या पोराला स्वर्गाचं दार बंद. देवाला काय तोंड दाखवू?" वाडग्यातलं सूप गार झालं, त्या शिवल्या नाहीत. त्यांची ही धास्ती हाच माझा आधार. अजून दोन दिवस त्या अशाच अडल्या तर मामा कंटाळून गाडी परत नेतील, असं मी मनाशी घोकत होते.

त्या बाहेर गेल्या तशी सुईण पेरेट माझ्या कानाशी वाकली.

"बाईसाहेब, मारणार नसाल तर सांगते. धाकटं निळं पडलं होतं ना जन्मताच? मी त्याच्या डोक्यावर पाणी घातलंय. देवाचं नाव घेऊन, रीतसर. मरणाऱ्या पोराला आम्ही सुइणी देऊ शकतो बाप्तिस्मा."

"आणि तीन दिवस गप्प बसलीस?"

"थोरल्या बाईसाहेबांनी थेंब लावायचा नाही म्हटलेलं. मला काय माझी मान जड झाली होती?"

मी हसले. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. धाकटा आमचाच होता तर! आपल्या धर्मात आलेलं मूल त्या लोकांना देणं म्हणजे महापाप, आणि सासूबाई पापाला वाघाला भ्यावं तशा भ्यायच्या. मी तशीच उठले, भिंतीला धरत बाहेर गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"आता नाही पाठवता यायचं, आईसाहेब. तो बाटेल."

सासूबाई मटकन बाकावर बसल्या. छातीवर क्रुसाची खूण केली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"देवा, ऐकलंस रे माझं!" मग माझे दोन्ही हात धरले. "पोरी, आधी का नाही बोललीस? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"म्हणजे राहील ना तो?"

"राहील कसा? अगं, सुईणीचं पाणी ते लोक मानतच नाहीत. बायकांनी दिलेला बाप्तिस्मा म्हणजे नुसतं डोकं धुणं, असं म्हणतो माझा भाऊ. त्यांच्या लेखी पोर कोरंच. आणि आपल्या लेखी त्याचा जीव तरलेला. आता वाटेत काही झालं तरी स्वर्ग चुकत नाही." त्या उठल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांची पाठ ताठ झाली. "पेरेटला चांदीचं नाणं द्या. आणि घोडे जुंपायला सांगा."

पेरेट दारात थिजली होती. "मी बोलायलाच नको होतं," ती म्हणाली.

"तू नाही, मी," मी म्हणाले.

गाडीत दूध पाजायला आणलेली एक दाई बसली होती, गावंढळ, गोऱ्या गालांची. मी धाकट्याला स्वतः नेऊन तिच्या मांडीवर ठेवलं.

"कुठल्या अंगावर आवडतं त्याला, बाईसाहेब?" तिनं विचारलं.

"डाव्या," मी सांगितलं. "आणि पाठ थोपटत राहा. थांबलीस की जागा होतो."